पाण्याचा खजिना आणि सांडपाण्याची वाट



कोल्हापुरातील मंगळवार पेठेच्या एका भागास ‘पाण्याचा खजिना’ असे म्हणतात. खजिना हा शब्द आपण सोन्यानाण्यासाठी योजतो. येथील लोकांनी तो पाण्याच्या साठ्यास दिला, यावरून त्या काळी पाण्याचे मोल किती होते ते कळून येते. या नावाच्या निमित्ताने आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. नगराने पाणी घरापर्यंत आणले खरे. परंतु तेच पाणी मलीन झाल्यावर घराबाहेर कसे जावयाचे, आणि गरिबाच्या दारी ती सोय केव्हा पोचली?

करवीर हे मूळचे तळ्यांचे गाव. रंकाळा, कोटितीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर अशी कितीतरी तळी येथे होती. पुढे कात्यायनीच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरातील हौदांत आणण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याचा तलाव झाला. तो शहराहून उंचावर असल्याने पाणी आपल्याच भाराने खाली उतरत असे. नगरपालिका तर १८५४ सालीच स्थापन झाली होती. पाण्याची ही हकीगत कोणाही कोल्हापूरकराने अभिमानाने सांगावी अशी आहे.

सांडपाण्याची हकीगत मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही. जुन्या पेठांतील घरे मातीविटांची, एकमेकांस खेटून उभी. परसाच्या टोकास पाटीचा संडास, आणि त्यामागील अरुंद बोळातून रोज मैला उचलून नेणारी माणसे. ज्यांच्या घरी परसूच नाही, त्यांनी अंधार पडेपर्यंत थांबावे व लांब जावे. त्यातही स्त्रियांचे हाल अधिक. पुरुषास दिवसा आडोसा शोधता येई, तिला तोही नसे.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रगट झाला, तेव्हा दाट वस्तीचा धोका सर्वांच्या ध्यानी आला. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी लोकांस गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहावयास लावले. पुष्कळ जीव वाचले. परंतु साथ ओसरताच माणसे बहुधा त्याच काळोख्या खोल्यांत परतली. माणसास घरातून हलविणे संकटकाळी साधते. घर सुधारणे हे शांततेच्या काळातले, चिकाटीचे काम आहे.

पाण्याच्या वाटेत आणखी एक भिंत होती, ती जातीची. हौदास शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे दुकान घालून दिले आणि स्वतः तेथे चहा घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा सर्वांस खुल्या असाव्यात, असे हुकूमही त्यांनी १९१९ साली काढले. तरी सर्वांचा मैला वाहण्याचे काम एकाच समाजाच्या डोक्यावर राहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, हे त्याचे सार. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात साधा, खड्ड्याचा, खत देणारा संडास तयार केला. माणसाने माणसाची घाण उचलू नये, हा त्यांचा आग्रह. कायद्याने ही प्रथा प्रथम १९९३ साली व अधिक कडकपणे २०१३ साली निषिद्ध ठरली. इतकी वर्षे लागली!

गरीब वस्त्यांबद्दलचा विचारही सावकाशच पालटला. झोपड्या पाडाव्यात, हा पूर्वीचा सोपा उपाय. महाराष्ट्राच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातच ‘सुधारणा’ हा शब्द आधी व ‘निर्मूलन’ मागाहून आला. अलीकडे पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने कोल्हापुरातही घरोघरी संडास बांधण्याचे काम केले. प्रथम वस्तीतील प्रत्येक घराचा नकाशा काढावयाचा, मलवाहिनी कोठवर पोचली आहे ते पाहावयाचे. मग साहित्य संस्थेने द्यावयाचे आणि बांधणीचा खर्च कुटुंबाने सोसावयाचा. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. स्वतःच्या पैशाने बांधलेली वस्तू माणूस जपतो.

तथापि संडासास उतार हवा, नळ हवा, आणि त्या नळाचा शेवट शुद्धीकरणाच्या ठिकाणी हवा. तसे न झाल्यास घरातील घाण जयंती नाल्यात व तेथून पंचगंगेत जावयाची. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. मलीन पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले म्हणजे काय होते, ते तेव्हा घरोघरी कळले. वरच्या वस्तीने सोडलेले पाणी खालच्या गावाच्या घागरीत जाते.

२०२३ साली काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने कोल्हापुरात आले. नवा खजिना लाभला, आनंद आहे. परंतु जितके पाणी अधिक येईल, तितकेच सांडपाणी अधिक निघेल, हा साधा हिशेब आहे. म्हणून एखादी पेठ सुधारली की नाही, हे पाहावयाचे असेल तर तिच्या दर्शनी नळाकडे पाहू नये. तिच्या शेवटच्या बोळातील शेवटच्या घरी जावे, आणि तेथील सुनेला रात्रीची वाट पाहावी लागते काय, एवढेच विचारावे.