आगोटीची बेगमी

इतिहास म्हणजे तह, लढाया आणि वंशावळी, ही समजूत आतां बरीच मागें पडली आहे. तथापि चुलींत काय जळत होतें व तें कोठें सांठविलें जात होतें, हा प्रश्न अद्यापि क्षुल्लकच गणला जातो. आमचें मत निराळें आहे. जेथें चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें कोरडें सरपण धान्याइतकेंच मोलाचें. आणि तें सांठविण्याची सोय कोणास होती व कोणास नव्हती, ह्यावरून समाजाची घडण जितकी कळते, तितकी पुष्कळ सनदांवरूनहि कळत नाहीं.

कर्जत स्थानकास लागून असलेलें भिसेगांव आणि त्याभोंवतालचें उल्हास नदीचें खोरें उदाहरणादाखल घ्या. ह्या टापूंतील शेतकऱ्याची खरी धांवपळ आगोटीपूर्वीची. मृग लागण्याच्या आंत लांकूडफांटा फोडून, उन्हांत तापवून छपराखालीं गेलाच पाहिजे. ओल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतें. तें उडविण्यांत उष्णता खर्ची पडते आणि घर धुरानें भरतें. परसांतील खोपींत लांकडें नुसतीं टाकून भागत नसे. वाळवी जमिनींतून चढते, म्हणून खालीं दगड व त्यांवर आडवे वासे. भिंतीपासून हातभर जागा मोकळी. तीमुळें वारा खेळे, आणि फुरसें शिरलें तर वेळींच दिसे. ऐन, किंजळ, धावडा ह्यांचे जड ओंडके तळाशीं, कारण त्यांचा विस्तव टिकतो, आंब्याच्या ढलप्या मध्यें, काटक्याकुटक्या दाराशीं. गेल्या सालचें पुढें, यंदाचें मागें. ही रचना कोणत्याहि पोथींत लिहिलेली नाहीं; सासूनें सुनेस ती हातानें दाखवावयाची.

सांठ्याची ही शिस्त घरापुरतीच होती असें मात्र कोणीं समजूं नये. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचें, चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदारांस धाडलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. सांठा आहे म्हणून मन मानेल तसा खर्च केला, तर ऐन पावसाळ्यांत तो संपेल. मग शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील, कोणी दाणे उचलील, कोणी गवत, कोणी फाटे म्हणजे जळाऊ लांकूड. आणि रयतेस मोगल परवडला असें वाटेल, हा त्या पत्राचा आशय. पुढें विस्तवाविषयीं ताकीद आहे: भलत्या जागीं चुली घालूं नयेत, रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंज्या जळून जातील. ह्या पत्राची थोरवी बारकाव्यांत आहेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं, बिघडलेल्या सांठ्याची किंमत अखेरीस दुबळ्यासच मोजावी लागते, हें त्यांत स्वच्छ ओळखलेलें आहे.

इंग्रजी अमलांत हेंच निराळ्या रीतीनें प्रत्ययास आलें. 1856 सालीं लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, 1863 सालीं बोरघाट चढून गेला, आणि डोंगरचें लांकूड व कोळसा मुंबईच्या वखारींस जवळ झाला. 1878 च्या जंगल कायद्यानें रानें राखीव व संरक्षित अशा वर्गांत वाटलीं गेलीं. भाताच्या राबासाठीं फांद्या तोडणें आणि घरासाठीं फाटे आणणें, हीं वहिवाटीचीं कामें आतां परवानगीचीं झालीं. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेची ओरड एवढी वाढली कीं, 1885 सालीं सरकारास चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. कर्जत त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडे. कुलाब्यांतील चिरनेर येथें 25 सप्टेंबर 1930 रोजीं जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्याची मुळें ह्याच असंतोषांत आहेत.

ज्याच्या परसांत खोप होती त्यानें ह्या काळांतहि कसाबसा निभाव लावला. मालकीची झाडें होतीं, गाडी होती, वैशाखांत लांकूड विकत घेण्यापुरता पैसा होता. कातकऱ्याचें तसें नव्हतें. खैरापासून कात काढणारा म्हणून ज्यास हें नांव पडलें, त्याची झोंपडी माणसांसच अपुरी. तेथें चार महिन्यांचें सरपण कोठें रचावें? त्याच्या बायकोनें मोळी बांधावी, कर्जतच्या बाजारीं विकावी, आणि आलेल्या पैशांत त्या दिवसाचे तांदूळ न्यावेत. जी दुसऱ्याच्या बेगमीस हातभार लावी, तिच्या स्वतःच्या चुलींत श्रावणांत ओली काटकीच असे. शिवाय कायद्याच्या दृष्टीनें संशय येई तो तिच्या मोळीवर. दुसऱ्याच्या खोपींत ती मोळी रचली गेली कीं तीच गृहस्थाची दूरदृष्टि ठरे!

2006 च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील वनवासी जनांचा हक्क मान्य केला. 1878 पासून मोजल्यास एकशें अठ्ठावीस वर्षांनीं. 2016 पासून उज्ज्वला योजनेनें गरिबांच्या घरीं गॅसची शेगडी आणली. ह्या दोन्ही गोष्टींचें आम्ही स्वागतच करितों. परंतु टाकी पुन्हां भरून घेण्यास एकरकमी पैसा लागतो. म्हणजे बेगमीचा जुना प्रश्न नव्या रूपानें उभाच आहे. शिल्लक टाकणें हा सद्गुण खरा. पण ज्याच्यापाशीं शिल्लक टाकण्यास जागाच नाहीं, त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं इतिहासाच्या अभ्यासकानें एकदां त्या लांकडाच्या खोपींत डोकावून यावें.