दुखणं आणि शस्त्रक्रिया यांच्या मधली मोकळी जागा

2019 साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांमुळे. तीन वर्षांत जिल्ह्यात अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्याने पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण 2.6 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली तरी एवढी तफावत नुसत्या पद्धतीने पडत नाही. तेव्हाची सगळी चर्चा लोभी डॉक्टर आणि निर्दय मुकादम यांच्याभोवती फिरली. दोघांचा दोष आहेच. पण दुखणं आणि शस्त्रक्रिया यांच्या मध्ये जे असायला हवं होतं, ते रोगनिदान या बायकांच्या वाट्याला कधी आलंच नाही, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

ही जागा मोकळी का राहिली, याचं उत्तर ऊसतोडीच्या रचनेत आहे. 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कोरडवाहू कुटुंबं आणखी मोठ्या संख्येने तोडीला लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही, आणि खाडा पडला की दंड. पहाटे फडात शिरायचं, वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या फळीवरून वर चढायचं. मुक्काम कोपीत, जवळ ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीचं कापड धुवायला आणि उन्हात वाळवायलाही आडोसा मिळत नाही. अशा पाच-सहा महिन्यांत दवाखान्याची एक फेरीसुद्धा मजुरीतून वजा होते, मग तीन-चार फेऱ्या लागणाऱ्या तपासण्या कुठून व्हायच्या?

आणि निदानाला फेऱ्या लागतातच. ओटीपोट दुखणं, अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं या तक्रारींमागे जंतुसंसर्ग असेल, गाठी असतील, एंडोमेट्रिओसिस असेल किंवा ॲडिनोमायोसिस. प्रत्येकाचा उपचार वेगळा. संसर्ग बहुधा गोळ्यांनी बरा होतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती पिशवीच्या बाहेर, बीजकोशांवर आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर वाढते, त्यामुळे पिशवी काढली तरी दुखणं मागे राहू शकतं. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर तिशीतल्या बाईला अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. त्या 13,861 जणींपैकी 6,314 जणींनी शस्त्रक्रियेनंतर शरीराचा किंवा मनाचा एखादा त्रास सांगितला होता.

बायकांनी स्वतःच पिशवी काढायला सांगितलं, असा यावर आक्षेप येतो. अनेकींनी सांगितलं, हे खरं. या जिल्ह्यात बालविवाहाचं प्रमाण मोठं आहे; विशी-पंचविशीत मुलं झालेली असतात आणि दुखणं मात्र दर हंगामात सोबत असतं. पण ‘कॅन्सर होईल’ ही भीती समोर आणि खाड्याचा दंड मागे असताना दिलेल्या संमतीला निवड म्हणणं मला पटत नाही. निवडीसाठी निदान दोन पर्याय माहीत असावे लागतात.

हेच दुखणं मूल नसलेल्या बाईला असतं तेव्हा काय होतं, तेही पाहायला हवं. वंध्यत्वाचं कारण सापडत नाही, तेव्हा संशयित एंडोमेट्रिओसिसवर आधी उपचार करावा की थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे वळावं, यावर जगभर वाद आहे. 1997 मध्ये कॅनडात 341 वंध्य स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दुर्बिणीने सौम्य एंडोमेट्रिओसिस काढलेल्या गटात 36 आठवड्यांत गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण सुमारे 31 टक्के होतं, नुसती तपासणी झालेल्या गटात 18. नंतरच्या एका लहान इटालियन अभ्यासात असा फायदा दिसला नाही. म्हणूनच सरसकट प्रत्येकीवर आधी शस्त्रक्रिया करा, असं आजही कोणी म्हणत नाही. वय, बीजकोशांची स्थिती आणि वेदना पाहून ठरवा, असं सांगतात. वाद मिटलेला नाही, पण तो वेदनेची नीट चौकशी करूनच चालतो. लेकुरवाळ्या ऊसतोड बाईच्या बाबतीत तेवढीही चौकशी झाली नाही, कारण पिशवीचं काम संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

2019 नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितलं. दोन्ही गरजेचंच होतं. मात्र परवानगीचा कागद शस्त्रक्रिया अडवतो, दुखणं थांबवत नाही. नकार मिळालेली बाई त्याच ओटीपोटासह दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसते. तिच्यासाठी गावातून निघण्याआधी आणि कारखान्याच्या तळावर सोनोग्राफी, संसर्गाची तपासणी आणि पूर्ण मुदतीची औषधं मिळायला हवीत, आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरायला हवा.