आक्काचा स्टुडिओतला फोटो

आमची थोरली आत्या, सगळ्यांची आक्का, रंगानं चांगली सावळी. अंबडकडच्या आमच्या घरात तिचं कौतुक व्हायचं तेही "काळी हाय, पण कामाला वाघीण" असं. ते कौतुक आठवलं की मला आजही राग येतो.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती लग्नाची होती. विहिरी आटल्या, बैल विकले आणि आक्कासकट घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आजी सांगायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, भाकरी थापताना तुटायची. कामावर मिळणारी सुकडी मात्र आक्काला फार आवडायची, असं आजी म्हणे. काका म्हणतात, आवड कसली, भूक होती. कोणाचं खरं, आता कोण सांगणार! त्याच वर्षी बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले आणि मध्यस्थाकरवी निरोप आला, "पोरगी लई काळी हाय." जिच्या मजुरीवर घर तगलं, तिलाच त्या उन्हाचा दोष लागला.

मग उपाय सुरू झाले. साय कुठली त्या वर्षी? हरभऱ्याचं पीठ पाण्यातच कालवून चोळायचं. पुढं जालन्याच्या बाजारातून अफगाण स्नो आला. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' निघालं आणि काही वर्षांत आमच्या खेड्यातल्या दुकानातही दिसू लागलं. २०२० मध्ये त्यातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळं शोधायची सोय काढून टाकली तीही त्याच वर्षी.

स्थळांना पाठवायला जालन्याच्या स्टुडिओत आक्काचा फोटो काढला होता. फोटोवाल्यानं आधी पावडर थापली, मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळला. तो फोटो अजून आहे. त्यात भलतीच कोणी बाई बसलेली आहे.

आजी दुष्ट नव्हती हो. गळ्यात तुळशीची माळ, काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवणारी, रानाला काळी आई म्हणणारी बाई ती. पण सावळ्या लेकीला हुंडा जास्त मागतात, हे तिनं स्वतःच्या बहिणींच्या लग्नांत पाहिलं होतं. पीठ चोळणाऱ्या त्या हातांत धास्ती होती.

आक्काचं लग्न उशिरा, परतूरकडं झालं. भावकीतल्या प्रत्येक लग्नात येसर तिच्याच हातचं लागायचं. १९८२ चा 'उंबरठा' तिनं जालन्यात पाहिला की औरंगाबादेत, नीट आठवत नाही. स्मिता पाटील पडद्यावर आली तशी ती शेजारणीला म्हणाली, "ही तर आपल्यावाणी दिसती." पडद्यावरच्या बाईबद्दल तिला असं कधी वाटलंच नव्हतं. घरी येऊन तिनं तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि ट्रंकेत टाकला.

परवा भाचीला मुलगी झाली. भेटायला आलेल्या बाईंनी आधी बाळाच्या कानाची पाळी उलटून रंग पाहिला. तुम्ही बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा एवढं करू नका. बाळाचं वजन विचारा, आईला झोप मिळते का ते विचारा. आणि घरात कोणाचा बायोडाटा लिहायला घेतलात, तर 'वर्ण' ही ओळ गाळून टाका.