चाकणची माती किती दाबली?

आजचा भाग मातीच्या घनतेवर. विषय रुक्ष वाटेल, पण चाकणमध्ये माती हाही इतिहासच आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानानं इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे ५५ दिवस किल्ला लढवला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणलं, सुरुंग पेरला आणि बुरूज उडवला. तट कितीही जाड असो, तो उभा असतो खालच्या जमिनीवर.

आज इथेच कारखान्यांसाठी मुरमाचे थर टाकून रोलर फिरवतात. थर पुरेसा दबला, हे ठरवायचं कसं?

१९२८ साली लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, ४०० हून जास्त माणसं गेली. त्याच खात्यातले राल्फ प्रॉक्टर पुढे मातीच्या धरणावर काम करत होते. १९३३ साली त्यांनी मांडलं, की ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते. कोरडीचे कण सरकत नाहीत, फार ओलीत पाणीच जागा अडवतं.

मग साइटवर मोजणी आली. खड्डा घ्या, निघालेली माती तोला, खड्ड्यात मोजलेली वाळू ओता. वाळूवरून आकारमान कळतं, भागाकार केला की घनता. पद्धत खात्रीची, पण वेळखाऊ. त्यानंतर किरणोत्सारी गेज आलं: माती जितकी घट्ट, तितके कमी गॅमा किरण सेन्सरपर्यंत पोचतात. काही मिनिटांत आकडा हातात! १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये रोलरच्या ड्रमलाच कंपन मोजणारे सेन्सर बसले. त्यामुळे एका खड्ड्याऐवजी रोलर फिरला तो सगळा पट्टा तपासता येऊ लागला.

पण मला सारखं आठवतं ते पानशेत. १२ जुलै १९६१. मातीचं धरण, पाणी सोडायच्या मार्गाचं काम अर्धवट, आणि तरी त्या पावसाळ्यात पाणी साठलं. त्या मार्गावरचा बांध खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुणं बुडालं.

सेन्सर दाबलेल्या थराची घनता सांगतो. कुठलं काम अर्धवट राहिलंय, हे तो सांगत नाही. म्हणून भरावाच्या अहवालात ९५ टक्के दिसलं, तरी मी आधी विचारेन: मोजलं कुठे, आणि कुठे मोजलंच नाही?