अपिलात प्रश्न कोण ठरवतं? थिंद आणि पंडित यांचे दोन खटले

"तुझा संशोधन प्रश्न एका वाक्यात सांग." पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मला वाटायचं, पुरावा भक्कम असला की झालं, प्रश्नाचं एवढं काय? अमेरिकेतल्या नागरिकत्वाचे दोन जुने खटले वाचले आणि माझा हा समज गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा अर्ज फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्ती'ला करता येत होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. भारतीय कुठे बसतात, हे कायद्यात नव्हतंच. त्यामुळे एक कोर्ट नागरिकत्व द्यायचं, तर दुसरं नाकारायचं.

भगतसिंग थिंद १९१३ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९१८ मध्ये तिथल्या सैन्यात भरती झाले. त्याच डिसेंबरात नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत रद्दही झालं. ओरेगॉनमध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला. गदर चळवळीशी संबंध असल्याचा आक्षेप आला, पण सगळं तपासून न्यायाधीश वॉल्व्हर्टन यांनी १९२० मध्ये नागरिकत्व दिलं. मग सरकार अपिलात गेलं.

इथे नीट लक्ष द्या. अपील कोर्टाने सुप्रीम कोर्टाकडे फक्त दोन प्रश्न पाठवले. एक, अमृतसरला जन्मलेला उच्चवर्णीय 'हिंदू' गोरा ठरतो का? (थिंद शीख होते, पण तेव्हा अमेरिकेत सगळ्याच भारतीयांना 'हिंदू' म्हणत.) दोन, १९१७ च्या कायद्याने घातलेली बंदी आधीच आलेल्यांना लागू होते का? थिंद यांची सैन्यसेवा, चांगली वर्तणूक हे या प्रश्नांत कुठेच नव्हतं. खालच्या कोर्टात तपासलेल्या या गोष्टी वर विचारल्याच गेल्या नाहीत.

तरी आशा होती. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना याच कोर्टाने 'गोरा' म्हणजे 'कॉकेशियन' असं म्हटलं होतं. थिंद यांच्या वकिलांनी मानववंशशास्त्राचे दाखले दिले की उत्तर भारतीय कॉकेशियनच आहेत, वर जातीच्या शुद्धतेचाही आधार घेतला. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला. ओझावाचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड यांनीच तो लिहिला: शास्त्रीय शब्द बाजूला ठेवा, सामान्य माणूस 'गोरा' कोणाला म्हणतो ते बघा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं आणि दुसऱ्या प्रश्नाची गरजच उरली नाही.

यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांवरही खटले भरले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंद यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला नागरिक झाले होते. आता त्यांनाच नोटीस आली. 'मी गोरा आहे' हा मुद्दा संपलेला होता, त्यामुळे त्यांनी भर दुसरीकडे दिला: १९१४ मध्ये सरकारने कोर्टात विरोध केला, हरलं आणि अपील केलं नाही. मग निकाली निघालेली गोष्ट पुन्हा उकरता येते का? शिवाय या नागरिकत्वाच्या भरवशावर वकिली, संसार, सगळं उभं केलेलं. १९२६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची बाजू ऐकायलाच नकार दिला.

आता यावरून 'पंडित हुशार, थिंद चुकले' असं लिहू नका. थिंद यांचा निकाल अपिलात अडकलेला होता, पंडितांचा कायम झालेला. प्रश्न निवडायची मोकळीक दोघांना सारखी नव्हती. थिंद यांना शेवटी नागरिकत्व मिळालं ते माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे, म्हणजे सुप्रीम कोर्टापुढे ज्याचा उल्लेखच प्रश्नात नव्हता, त्या सैन्यसेवेमुळे.

म्हणून जुना खटला वाचायला घेतलात तर निकालावर उडी मारू नका. वहीत आधी तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, तो कोणी ठरवला आणि प्रश्नाबाहेर काय राहिलं. माझ्या अनुभवात संशोधनाचा खरा विषय बऱ्याचदा तिसऱ्या ओळीत सापडतो.