जुना पिकअप आणि ॲव्हरेजचं गणित

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" शब्द इंग्रजी, पण एका लिटरमध्ये किती किलोमीटर हा अर्थ त्याला आपण दिला. गंमत अशी की, अमेरिकेत १९७५ साली इंधनबचतीचा जो मोठा कायदा झाला, त्यातल्या नियमाच्या नावातही हाच शब्द आहे. 'कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी', थोडक्यात 'कॅफे'. आणि या ॲव्हरेजच्या हिशेबात एक गाडी पहिल्यापासून बाजूला काढून ठेवली गेली. ती म्हणजे पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा.

जुना अमेरिकन पिकअप इतकं पेट्रोल का पितो, ते कमी करायला लोकांनी काय काय केलं आणि त्यातलं काय लागू पडलं, हा आजच्या भागाचा विषय. वरवर पाहता गोष्ट गॅरेजमधली आहे. पण तिचा अर्धा भाग वॉशिंग्टनमध्ये घडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ऑक्टोबर १९७३

योम किप्पूर युद्ध चालू होतं. अमेरिकेने इस्राएलला शस्त्रं पुरवली, म्हणून अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. तीनेक डॉलरला मिळणारं पिंप १९७४ उजाडता उजाडता अकरा डॉलरच्या वर गेलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या काळात अमेरिकेतल्या नव्या मोटारीचं सरासरी ॲव्हरेज गॅलनला साधारण १३ मैल होतं, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेपाच किलोमीटर. पेट्रोल स्वस्त होतं तोवर याची कुणाला फिकीर नव्हती.

सरकारचा पहिला उपाय होता वेगाला लगाम. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. लोकांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. १९८७मध्ये ती थोडी सैल झाली आणि १९९५मध्ये रद्दच झाली. पण भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर उपाय चुकीचा नव्हता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५ऐवजी ७०ने गेलात तर हवा जवळपास सव्वासहा आण्यांनी नाही, तर थेट ६० टक्क्यांनी जास्त मागे ओढते. पिकअपसारख्या उभ्या नाकाच्या, चौकोनी गाडीला तर हे फारच महागात पडतं.

दोन याद्या

दुसरा उपाय म्हणजे तो कायदा. डिसेंबर १९७५मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या नव्या मोटारींची सरासरी काढायची. ती १९७८मध्ये गॅलनला १८ मैल हवी आणि १९८५पर्यंत साडेसत्तावीस. हे आकडे मोटारींसाठी कायद्यातच लिहिलेले होते. 'लाइट ट्रक', म्हणजे हलक्या मालगाड्या, मात्र वेगळ्या यादीत गेल्या आणि त्यांचा आकडा ठरवायचं काम सरकारी खात्यावर सोपवलं गेलं.

कारण त्या वेळी पटण्यासारखं होतं. पिकअप कोण वापरतं? शेतकरी, सुतार, प्लंबर. त्याला वजन वाहायचं असतं, त्याचं इंजिन लहान करून कसं चालेल? म्हणून १९७९ सालच्या गाड्यांसाठी पहिला नियम आला तो नरमच होता : साध्या पिकअपला १७.२ मैल, फोर-व्हील ड्राइव्हला १५.८. तोही मालासकट ६,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २,७०० किलोपर्यंतच्या गाड्यांना. पुढच्या वर्षी ही रेषा ८,५०० पौंडांवर नेली.

आता ६,००० पौंडांची गंमत ऐका. ही रेषा त्याआधी प्रदूषणाच्या नियमातही होती. १९७५पासून तिच्याखालच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल लागणार होतं. फोर्डने त्याच वर्षी एक नवा पिकअप आणला. त्याची भारक्षमता इतकी ठेवली की एकूण वजन ६,०००च्या थोडं वर जाईल आणि गाडी नियमातून सुटेल. त्या गाडीचं नाव एफ-१५०. अमेरिकेत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपणाऱ्या पिकअपच्या घराण्यातलं हे सगळ्यात गाजलेलं नाव जन्माला आलं ते कायद्याच्या रेषेपलीकडे पाय ठेवूनच.

रेषेपलीकडे जागा आहे म्हटल्यावर गर्दी होणारच. उघडा हौदा असेल, गाडी खडबडीत रस्त्यावर चालण्याजोगी असेल किंवा मागच्या सीट काढून सपाट जागा होत असेल, तर ती 'लाइट ट्रक' ठरायची. १९८४ची क्रायस्लरची मिनीव्हॅन आणि त्याच वर्षीची जीप चेरोकी या सवलतीत बसल्या. मग फोर्ड एक्सप्लोरर आली. शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या दारातून शाळेत मुलं सोडणारी कुटुंबं आत आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर विक्रीत पाचवा हिस्सा असलेल्या या गाड्या नवं शतक उजाडेपर्यंत निम्म्यावर पोचल्या. आणि नियम? १९९६ ते २००४ अशी सलग नऊ वर्षं आकडा २०.७वर अडकून राहिला, कारण त्यातली बरीच वर्षं संसदेने खर्चाच्या विधेयकातच कलम घालून तो वाढवायला मनाई केली होती.

आता यात जुना पिकअप कुठे आला? तर मंडळी, आज नवी विकलेली गाडी वीस वर्षं रस्त्यावर राहते. पहिला मालक ती चार-पाच वर्षांत विकतो. दुसरा, तिसरा मालक असतो तो कमी पैशात काम भागवणारा माणूस. गाडी किती पिणार हे ठरलं होतं कारखान्यात आणि संसदेत. बिल मात्र भरत होता तो तिसरा मालक.

गॅरेजमधले उपाय

त्याच्या हातात काय होतं? सांगायचं तर बरंच काही होतं, पण त्यातलं चमकदार काहीच नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट गिअरची. सत्तरच्या दशकातल्या पिकअपला साधारण तीन-चार गिअर असायचे आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे पुढच्या शाफ्टचा एक फेरा. त्यात मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण भार ओढायच्या हिशेबाने ठेवलेलं, उदाहरणार्थ ४.१०. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा शाफ्ट चार वेळा फिरणार. महामार्गावर रिकामी गाडी पळवताना इंजिन उगाच ओरडत राहायचं. पुढे ओव्हरड्राइव्ह आला. फोर्डने १९८०मध्ये आणि जनरल मोटर्सने १९८२मध्ये चार गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढले, ज्यांत टॉप गिअरला इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं. मग लोक काय करायचे? भंगारातल्या गाडीचा असा गिअरबॉक्स आणून जुन्या पिकअपला बसवायचे, किंवा डिफरन्शियलचं प्रमाण बदलून घ्यायचे. काम खर्चाचं, पण फरक खरा. अट एकच : गाडी जड ट्रेलर ओढणारी नसावी. तशी असेल तर इंजिन दमतं, पाय ॲक्सिलरेटरवर जास्त दाबला जातो आणि बचत तिथेच संपते.

दुसरं, टायर. जुन्या बायस-प्लाय टायरऐवजी रेडियल घातले की गाडी हलकी पळते. आणि हवा. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, तापतो आणि ती उष्णता शेवटी पेट्रोलमधूनच येते. तिसरं, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर. हे फक्त जुन्या गाडीला लागू आहे बरं का. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार तिथे फिल्टर बदलून २ ते ६ टक्के बचत होऊ शकते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक मिश्रण सांभाळून घेतो, तिथे हा फायदा मिळत नाही.

चौथी गोष्ट वादाची. मागचा फाळका उघडा ठेवावा की बंद? फाळका म्हणजे हवेला आडवी भिंत, ती पाडली की गाडी सुटेल, असं साध्या डोळ्यांना वाटतं. कित्येक लोक वर्षानुवर्षं फाळका पाडून किंवा त्याजागी जाळी लावून फिरले. पवनबोगद्यात तपासलं तेव्हा उलटं निघालं. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत निघून जाते. फाळका पाडला की भोवरा मोडतो. म्हणजे फाळका बंदच बरा. हौद्यावर ताडपत्रीसारखं घट्ट आच्छादन घातलं तर आणखी बरं.

आपल्याकडे १९७८मध्ये पीसीआरए ही संस्था स्थापन झाली. टायरमध्ये हवा नीट ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, असे तिचे संदेश आपण ऐकत आलोय. देश वेगळा, पण यादी तीच.

जादूचा कार्बोरेटर

हे सगळं कंटाळवाणं. माणसाला जादू हवी असते. कॅनडातल्या विनिपेगमध्ये चार्ल्स नेल्सन पोग नावाच्या संशोधकाने १९३०च्या दशकात पेट्रोलची आधी वाफ करणाऱ्या कार्बोरेटरची पेटंटं घेतली. गॅलनला २०० मैलांचे दावे गाजले. तसा कार्बोरेटर बाजारात कधीच दिसला नाही, पण 'तेल कंपन्यांनी तो दाबला' ही कथा आजही जिवंत आहे. खरं कारण साधं आहे. चांगल्या चालणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीतसुद्धा बहुतेक पेट्रोल जळतच असतं. तोटा होतो तो नंतर : उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. वाफ करून ती परत येत नाही.

तेलटंचाईनंतर अशा वस्तूंचं पीकच आलं. चुंबकं, हवा सोडणाऱ्या नळ्या, टाकीत टाकायच्या गोळ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. मोजक्यांनी किरकोळ बचत दाखवली, बाकीच्यांनी काहीच नाही. फसला कोण? ज्याला महिन्याच्या पेट्रोलची चिंता होती तोच.

मोठ्या कंपन्यांचेही घाईचे उपाय फसले. जनरल मोटर्सने १९७८पासून पिकअपमध्ये ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. ॲव्हरेज छान होतं. पण डिझेलचा दाब कितीतरी जास्त असतो आणि हेडचे बोल्ट मात्र पेट्रोल इंजिनाच्याच मांडणीचे. गास्केट जायला लागली, ग्राहक कोर्टात गेले आणि अमेरिकेत डिझेलचं नाव बराच काळ खराब झालं.

दहाचे बारा

आता ते गणित. कागद-पेन्सिल घ्या हवं तर.

वर्षाला १२,००० मैल चालणाऱ्या दोन गाड्या. एक जुना पिकअप, ॲव्हरेज १०. दुसरी चांगली मोटार, ॲव्हरेज ३०. पिकअपची निगा राखून, गिअर बदलून आपण १०चे १२ केले. मोटार विकून ४०ची घेतली. बचत कुठे जास्त?

पिकअप आधी १,२०० गॅलन प्यायचा, आता १,०००. वाचले २००. मोटार आधी ४०० प्यायची, आता ३००. वाचले १००. म्हणजे दोन मैलांची सुधारणा दहा मैलांच्या सुधारणेच्या दुप्पट भरली! लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी २००८मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं. 'गॅलनला किती मैल' असं मोजलं की माणूस फसतो. 'इतक्या मैलांना किती गॅलन' असं मोजायला हवं. आपल्या 'लिटरला किती किलोमीटर'लाही हे तसंच लागू आहे.

या गणिताने तो जुना कायदा परत वाचा. जी गाडी सगळ्यात जास्त पीत होती, जिथे एकेका मैलाची किंमत सगळ्यात जास्त होती, तिलाच सवलत दिली गेली.

उशिरा का होईना, हे लक्षात आलं. २००९मध्ये अमेरिकेने जुन्या गाड्या मोडीत काढायला पैसे दिले. मोटारीच्या बदल्यात नवी मोटार घेताना निदान ४ मैलांची सुधारणा लागायची. मोठ्या पिकअपच्या बदल्यात तसाच नवा घेतला तर १ मैल पुरायचा आणि २ मैलांना पूर्ण ४,५०० डॉलर मिळायचे. सुमारे पावणेसात लाख गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनात तेलाऐवजी सोडियम सिलिकेट ओतून ते जाम करत, म्हणजे गाडी परत रस्त्यावर येऊ नये. पण स्वस्त जुन्या गाडीवर जगणाऱ्याच्या बाजारातून तितक्या गाड्या कमी झाल्या, हेही खरं.

भारतात कॅफेचे नियम २०१७पासून लागू झाले, तेही प्रवासी गाड्यांसाठी. भाजी, सिलिंडर, विटा वाहणारे छोटे पिकअप आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचंही पहिलं बिल शोरूममध्ये फाटतं आणि उरलेली पंधरा वर्षं पंपावर. तुमच्याकडे असा पिकअप असेल तर टाकी फुल करून पुढच्या टाकीपर्यंतचा हिशेब वहीत लिहा, आणि शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं असा लिहा. हवा, फिल्टर, वेग यातलं काय लागू पडलं ते मग आकडाच सांगेल.

आजच्या भागात इतकंच. तुमचे आकडे आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.