‘बाकीच्यां’चा संघ आणि १९४३ चा हंगाम

मुंबईच्या क्रिकेटमध्ये एके काळी एक संघ असा होता की ज्याला स्वतःचे नावच नव्हते. हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक, आणि या चौघांत जे कोणी बसत नसत त्यांचा पाचवा, ‘द रेस्ट’. म्हणजे उरलेले, बाकीचे. भारतीय ख्रिस्ती खेळाडू या पाचव्या संघात मोडत असे. त्याच्यासोबत ज्यू आणि बौद्ध. पंगती उठल्यावर राहिलेल्यांची पाने एका कोपऱ्यात मांडावीत, तसाच हा प्रकार. या संघाला विजेतेपद एकदाही मिळाले नाही. तरीही त्याचा १९४३ चा हंगाम आपण ख्रिस्ती मंडळींनी समजून घ्यावा असा आहे, आणि तो केवळ अभिमानापोटी नव्हे.

या स्पर्धेची मुळे फार मागे जातात. मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी असे इलाखा सामने १८९२ पासून सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी झाले. मरीन ड्राइव्हवर आजही हिंदू, पारशी, इस्लाम व कॅथलिक जिमखान्यांच्या इमारती एका रांगेत उभ्या आहेत, त्यावरून त्या काळाच्या विचारसरणीची कल्पना येते. माणूस कोणत्या गावचा वा कोणत्या कॉलेजचा यापेक्षा तो कोणत्या समाजाचा, हा प्रश्न मैदानावर आधी विचारला जाई.

या चौरंगी व्यवस्थेत भारतीय ख्रिस्ती तरुणाला जागाच नव्हती. हिंदूंच्या संघात त्याला प्रवेश नव्हता आणि युरोपियनांच्या संघाला तो धर्माने जवळचा असला तरी वर्णाने चालत नव्हता. पंचवीस वर्षे हे असेच चालले. १९३७ साली पाचवा संघ निघाला तेव्हा ही उणीव भरून निघाली, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. धोबीतलाव, माझगावच्या आपल्या वस्त्यांतून, आणि मालवणातून बोटीने जाऊन मुंबईत नोकरीधंद्यास लागलेल्या आपल्या लोकांतही, या संघाविषयी आपुलकी वाटली असेल तर नवल नाही. आपले म्हणून टाळ्या वाजवायला कोणीतरी हवे असतेच.

तथापि पाचवा भिडू आला तेव्हा या खेळाविरुद्धचा आवाजही वाढू लागला होता. पहिल्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदूंच्या संघाने माघार घेतली. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींना या सामन्यांविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी ते बंद व्हावेत असेच मत दिले. त्यांच्या उत्तरातील एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कॉलेजा-कॉलेजांचे, संस्था-संस्थांचे सामने आपण समजू शकतो, परंतु धर्मवार संघ कशासाठी असावेत हे आपल्याला कधीच उमगले नाही, असे त्यांनी म्हटले होते. कॉलेजच्या संघात मुलगा शिक्षणाच्या नात्याने येतो आणि शिक्षण संपल्यावर दुसऱ्यासाठी जागा मोकळी करतो. धर्माच्या संघात तो जन्माने पडतो. भेद बारीक वाटला तरी तेवढाच नाही. १९४२ साली देशातील धामधुमीमुळे स्पर्धा झालीच नाही. १९४३ च्या हिवाळ्यात ती पुन्हा भरली. बाहेर महायुद्ध चालू होते, बंगालात दुष्काळाने माणसे मरत होती. तरीही क्रिकेटचा ज्वर ओसरला नव्हता.

‘बाकीच्यां’चा आधारस्तंभ होता विजय सॅम्युएल हजारे. हा सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा जन्म, शाळामास्तरांच्या आठ अपत्यांपैकी एक. पंथाने ते प्रोटेस्टंट, पण घरची भाषा मराठी आणि स्वभाव अत्यंत अबोल. मुसलमानांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढल्या. या स्पर्धेत तोवर एवढी मोठी खेळी कोणी केली नव्हती. हा टप्पा पार करून ‘बाकीचे’ अंतिम सामन्यात पोहोचले.

डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्नवर झालेल्या अंतिम सामन्यात समोर हिंदूंचा संघ होता. विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, म्हणजे हजाऱ्यांचा ताजा विक्रम दोन धावांनी मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘बाकीच्यां’चा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला, त्यांतल्या ५९ हजाऱ्यांच्या. ४४८ धावांची पिछाडी, वर फॉलोऑन. इथे बहुतेक प्रेक्षकांनी घरची वाट धरायला हरकत नव्हती.

दुसऱ्या डावातही गडी भराभर गेले. पाच बाद झाल्यावर विजय हजाऱ्यांच्या सोबतीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले, आणि सहाव्या गड्यासाठी या दोघांनी ३०० धावांची भागी केली. विवेकच्या वाट्याला त्यांतल्या किती? एकवीस. धाकटा एक बाजू धरून तासन्‌तास उभा राहिला आणि थोरला खेळत राहिला. संघाच्या एकूण धावा झाल्या ३८७, त्यांत विजय हजारे ३०९. मर्चंट यांचा विक्रम त्याच सामन्यात मोडला गेला. विवेकच्या एकवीस वजा केल्या तर उरलेल्या नऊ जणांच्या व अवांतर मिळून केवळ ५७ धावा भरतात. संघाच्या पूर्ण झालेल्या डावात एका फलंदाजाचा एवढा मोठा वाटा हा पुढे १९७७ पर्यंत जागतिक विक्रम राहिला. सामना अर्थातच गेला, एक डाव आणि ६१ धावांनी.

विवेकच्या त्या एकवीस धावांकडे इतिहासकार सहसा एका ओळीत पाहून पुढे जातात. मला मात्र ज्याने ३०९ केल्या त्याच्याइतकेच समोर उभा राहणाऱ्याचेही कौतुक वाटते. भाऊ म्हणून असे उभे राहणे सोपे नसते.

आता या हंगामाची दुसरी बाजू. हेच विजय हजारे १९३९-४० च्या रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळले होते, आणि पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. त्या स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने करंडकही जिंकला. त्या संघात हजारे ‘बाकीचे’ नव्हते. प्रदेशावर उभारलेली ती व्यवस्था १९३४ पासून देशात रुजत होती आणि त्यातच सांगलीच्या या मास्तरांच्या मुलाला त्याचे पूर्ण नाव मिळाले होते. पंचरंगी स्पर्धेने त्यांना व्यासपीठ दिले, हे खरे. परंतु ते देताना त्यांच्यावर जी चिठ्ठी चिकटवली, ती त्यांच्या खेळाला शोभणारी नव्हती.

पंचरंगी सामने १९४६ च्या प्रारंभी कायमचे बंद झाले. काहींना त्याची हळहळ वाटली, आणि ती समजण्याजोगी आहे. लहान समाजाच्या हातचे मैदान गेले की आपण दिसेनासे होऊ अशी भीती वाटते. आपल्या किनाऱ्यावरही, मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत, केवळ आपल्या मुलांपुरते चषक ठेवावेत की संघात गावचे सगळेच घ्यावेत, हा वाद कधीमधी निघतोच. गावकीच्या संघात आपला मुलगा बाराव्या जागी बसण्यापेक्षा स्वतःच्या संघात कर्णधार झालेला बरा, असे म्हणणाऱ्या पालकांचे मन मला कळते. त्यांनी हजाऱ्यांची पुढची वाटचाल मात्र पाहावी. १९४८ साली ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके झळकावली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारे होते. त्यांच्या हाताखाली पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली, विनू मंकड यांनी बारा बळी घेतले, मुश्ताक अलीही खेळले. जुन्या मुंबईच्या हिशेबाने ही मंडळी चार निरनिराळ्या तंबूंतली.

त्याआधी तीन महिने, नोव्हेंबर १९५१ मध्ये, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. तिसऱ्या गड्यासाठी दोन विजय एकत्र आले, मर्चंट आणि हजारे, आठ वर्षांपूर्वी ब्रेबॉर्नवर एकमेकांचे विक्रम मोडणारे. त्यांनी २११ धावांची भागी केली. मर्चंट १५४ वर बाद झाले, हजारे १६४ वर नाबाद राहिले.